खिशात मावणारं पिस्तूल नवशिक्याला सोपं जातं, हे कुणी ठरवलं?

यंत्रवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यंत्रांचे आराखडे काढणं हा माझा रोजचा व्यवसाय. गेले दोन महिने रीतसर प्रशिक्षकांच्या हाताखाली नेमबाजी शिकतो आहे. परवाच्या सत्रात त्यांनी टेबलावर चार हत्यारं ओळीनं मांडली. एक पूर्ण आकाराचं ९ मिमी (हा गोळीचा व्यास) पिस्तूल, साधारण ९०० ग्रॅमचं. एक मधल्या आकाराचं. एक खिशात जाईल असं, ५०० ग्रॅमच्या आसपास. आणि एक पाच काडतुसांचं, आखूड नळीचं हलकं रिव्हॉल्व्हर. अंतर दहा मीटर, प्रत्येकातून दहा फैरी.

मोठं पिस्तूल जड जाईल आणि लहान हातात चटकन बसेल असं मी धरून चाललो होतो. झालं नेमकं उलट. मोठ्यातून दहाही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. खिशातल्यातून कागदभर विखुरल्या, दोन तर कागदाबाहेर. रिव्हॉल्व्हरच्या पाचव्या फैरीनंतर अंगठ्याच्या बेचक्यात इतकं दुखायला लागलं की पुढच्या पाच मी केवळ हट्टानं झाडल्या.

तरीही नवख्या माणसाला, लहान हाताच्या माणसाला, विशेषतः बायकांना सल्ला मिळतो तो हाच, "तुम्ही आपलं छोटं घ्या." प्रश्न असा, की लहान आकारात नेमकं काय काय हरवतं? त्यातलं अटळ किती, आणि हुशार आराखड्यानं परत मिळवता आलेलं किती?

परवाने, कायदे आणि "मी कोणतं घेऊ" हे विषय कृपया या धाग्यावर आणू नका. चर्चा यंत्राची आणि हाताळणीची होऊ द्या.

दशमान

धक्क्याचा ढोबळ हिशेब मांडतो. ९ मिमीची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. संवेग झाला सुमारे २.५५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेनं पिस्तुलाला मिळतो. ९०० ग्रॅमचं पिस्तूल त्यामुळे सेकंदाला २.८ मीटरनं मागे येईल, ५०० ग्रॅमचं ५.१ मीटरनं. ऊर्जा काढली तर पहिल्यात साडेतीन ज्यूलच्या आसपास, दुसऱ्यात साडेसहा. दारूच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही, तो धरला की दोन्ही आकडे वाढतात. काडतूस तेच, वजन जवळपास निम्मं, म्हणून हातावर येणारी ऊर्जा जवळपास दुप्पट.

आता नेम. लहान पिस्तुलात नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ येतात. दोन्हींमधलं अंतर १६५ मिमी असेल आणि माशी एक मिलीमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी ६१ मिमी चुकते. तेच अंतर १३० मिमी असेल तर ७७ मिमी. म्हणजे पिस्तूल वाईट नेमाचं नसतं, ते तुमची चूक मोठी करून दाखवतं.

वाटसरू

हिशेब पाहून डोळे उघडले. वाचनखूण साठवली.

नेमबाज मावशी

यंत्रवेडा, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. मी बरीच वर्षं नवशिक्यांना शिकवते. दशमान यांच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे चाप.

तुम्ही वापरलंत त्या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा (मागचा हातोडा) आधी न चढवता ओढायचा तर साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. हत्यार स्वतः भरतं चारशे-सव्वाचारशे ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या दहापट जोर एका बोटानं लावायचा आणि तो लावताना नळी केसभरही हलू द्यायची नाही! जड पिस्तूल अशा वेळी स्वतःच्या वजनानं स्थिर राहतं, हलकं बोटाबरोबर वळतं. उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे आणि खाली जातात, त्याला बहुतेक वेळा धक्का कारण नसतो. चाप ओढताना सगळी मूठच आवळली जाते, हे कारण असतं.

दुसरं म्हणजे मूठ. लहान पिस्तुलाच्या दस्त्यावर करंगळीला जागा उरत नाही, काहींवर तर दोनच बोटं बसतात. आणि हाताची पकड करंगळीकडच्या बोटांवरच तर उभी असते. खाली आधार नसला की धक्क्याबरोबर पिस्तूल हातात फिरतं आणि प्रत्येक फैरीनंतर पकड नव्यानं बसवावी लागते.

"बायकांसाठी छोटं" या सल्ल्याचा मला फार त्रास होतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींच्या हातात कुणीतरी प्रेमानं, काळजीनं असलं टीचभर रिव्हॉल्व्हर दिलेलं असतं. पहिल्याच दिवशी हात दुखतो, आवाजानं दचकायला होतं, आणि "मला नाही जमणार" असं मनात घट्ट बसतं. त्याच मुलीला मी .२२ चं (गोळीचा व्यास इंचात, धक्का अगदी कमी) पूर्ण वजनाचं पिस्तूल देते, आणि तासाभरात ती हसत गोळ्यांचा झुबका मोजत असते. लहान हाताला दस्त्याचा *घेर* लहान हवा, चापापर्यंत बोट पोचायला हवं. हत्यार हलकं हवं असं कुठे आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

सडेतोड

मी विरोधी पक्षात. माझ्या कामात कित्येक वर्षं पिस्तूल अंगावर बाळगावं लागलं आहे. दहा मीटरवरच्या कागदावर खिशातलं पिस्तूल जोखणं म्हणजे शिडाच्या होडीनं मालवाहू जहाजाशी शर्यत लावणं. ते हत्यार हाताच्या अंतरासाठी बनलेलं असतं, एक-दोन पावलांसाठी. दिवसाचे बारा-चौदा तास कमरेला ९०० ग्रॅम आणि भरलेलं मॅगझिन (दस्त्यात बसणारी काडतुसांची पेटी) वागवून बघा. महिन्याभरात ते कपाटात राहायला लागतं. लहान हत्यार निदान माणसाजवळ असतं.

यंत्रवेडा (धागाकर्ता)

मुद्दा मान्य. आराखडा नेहमी कशासाठी तरी असतो. पण मग "बाळगायला सोपं" म्हणावं. "चालवायला सोपं" का म्हणतात?

सडेतोड

ते म्हणू नये, हे मलाही मान्य.

जुनं लोखंड

इतिहासात थोडं मागे जाऊया, कारण हा तिढा जुना आहे.

खिशातल्या पिस्तुलाला ज्याचं नाव चिकटलं तो फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर. त्याच्या मूळ आडनावाच्या मध्ये एकच 'आर'. नकला करणाऱ्यांनी आणि छापणाऱ्यांनी दोन केले आणि तेच पुढे सामान्यनाम झालं. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेलं पिस्तूल त्याच्याच बनावटीचं होतं. एक नळी, एक फैर, मग हातात नुसता लाकूड-लोखंडाचा तुकडा. १८६६ मध्ये रेमिंग्टननं एकावर एक दोन नळ्यांचं पिस्तूल काढलं. ते १९३५ पर्यंत बनत होतं, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं लोकांना दोन फैरी पुरेशा वाटत होत्या.

मग अमेरिकी हत्यारकार जॉन ब्राउनिंग आला. त्याचं बेल्जियममध्ये एफएन कंपनीनं बनवलेलं १९०० चं पिस्तूल हे स्लाइड (फैरीसरशी मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) असलेलं, बाजारात यशस्वी झालेलं पहिलं पिस्तूल. कोल्ट कंपनीनं काढलेल्या त्याच्याच १९०३ च्या पिस्तुलाला 'हॅमरलेस' (बिनघोड्याचं) म्हणत, पण घोडा होता, फक्त स्लाइडखाली झाकलेला, कपड्यात अडकू नये म्हणून. त्यानंतर त्यानं .२५ चं काडतूस आणि ते झाडणारं अगदी तळहातात लपेल असं पिस्तूल केलं. ताकद जवळपास .२२ एवढीच. मग वेगळं काडतूस कशाला? .२२ मध्ये स्फोटक मसाला कडेच्या घडीत भरलेला असतो, तो एखाद्या वेळी पेटत नाही, आणि कडेमुळे काडतुसं मॅगझिनमध्ये एकमेकांत अडकू शकतात. .२५ मध्ये त्या मसाल्याची टोपी मधोमध. जिवावरच्या प्रसंगी हत्याराला एकच संधी मिळते, म्हणून ताकदीआधी खात्री, असा हा विचार होता. मला तो आजही फार मोलाचा वाटतो.

निशाचर

अवांतर: सगळ्यात लहान कोणतं?

जुनं लोखंड

कोलिब्री! ऑस्ट्रियात १९१४ च्या सुमारास निघालं, काडतूस २.७ मिमीचं. गोळीचं वजन ग्रॅमचा पाचवा हिस्सा, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. दशमान, ऊर्जा काढा पाहू.

दशमान

चार ज्यूल. यंत्रवेडांच्या खिशातल्या पिस्तुलाचा नुसता मागचा धक्काही याहून मोठा आहे.

निशाचर

म्हणजे त्या पिस्तुलाची गोळी लागण्यापेक्षा यांच्या पिस्तुलाचा दस्ता जास्त लागतो! 😄

कमानीवाला

धागाकर्त्यांच्या "परत मिळवलेलं किती" या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते सगळ्यात मोठी भरपाई झाली ती स्लाइडच्या कुलुपात.

जुन्या खिशातल्या पिस्तुलांत, वाल्थर पीपीके धरा (१९३१ च्या आसपासचं), नळी चौकटीत (पिस्तुलाच्या सांगाड्यात) पक्की बसवलेली असते आणि स्लाइड नुसती स्प्रिंगच्या जोरावर मागून टेकलेली. काडतूस फुटताच स्लाइड मागे निघते. तिला थोपवणारी कुलूपबंद अशी रचनाच नाही, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण. याला ब्लोबॅक म्हणतात. भाग कमी, नळी हलत नाही म्हणून नेम छान. पण काडतूस जोरदार झालं की स्लाइड जड करावी लागते आणि स्प्रिंग कडक. .३८० च्या काडतुसाचा सर्वाधिक दाब १,३५० बारपर्यंत धरतात, ९ मिमीचा २,३५० बारपर्यंत. ब्लोबॅकमध्ये ९ मिमी बसवायचं तर पिस्तूल खिशाचं राहत नाही.

दुसरी पद्धत ब्राउनिंगचीच. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या, दोघी मिळून काही मिलीमीटर मागे जातात. तोवर गोळी बाहेर पडून दाब उतरतो, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. मोठ्या पिस्तुलात हे फार आधी आलं, अगदी टीचभर पिस्तुलांत रुळायला मात्र जवळजवळ शतक लागलं. २००८ चं रुगर एलसीपी घ्या: पीपीकेतलंच .३८० काडतूस, पण वजन २७० ग्रॅमच्या आत, पीपीकेच्या निम्म्याहून कमी. प्लॅस्टिकची चौकट आणि कुलूपबंद नळी, दोन्ही मिळून हे साधलं.

गंमत अशी की पीपीके दुप्पट जड असूनही त्याचा झटका अनेकांना बोचरा वाटतो. स्लाइड लगेच आणि वेगानं मागे येते, शिवाय मूठ उंच धरली तर अंगठ्यामागच्या कातडीला ओरखडा काढते. धक्का म्हणजे नुसती ऊर्जा नव्हे, ती किती वेळात आणि हाताच्या किती क्षेत्रावर येते तेही धरायला हवं.

जुनं लोखंड

पीपीकेचा विषय निघालाच आहे तर: १९६८ च्या अमेरिकी कायद्यानं आयात पिस्तुलांना आकारमानाच्या अटी घातल्या आणि पीपीकेची उंची किंचित कमी पडली. कंपनीनं पीपी या आपल्याच थोरल्या पिस्तुलाची चौकट आणि पीपीकेची स्लाइड जोडून पीपीके/एस काढलं. अट पाळायला म्हणून दस्ता वाढला, आणि पुष्कळांच्या हातात तेच जास्त चांगलं बसलं. मावशींचा करंगळीचा मुद्दा इथे सिद्ध होतो.

रेवा

धागा पहिल्यापासून वाचते आहे. माझी अडचण वेगळी. माझ्या आईच्या बोटांत संधिवात आहे. तिला नेमबाजीची जुनी आवड, पण आता लहान पिस्तुलाची स्लाइड मागे ओढताच येत नाही. मोठ्याची येते! हे कसं? आणि मग रिव्हॉल्व्हर बरं का?

कमानीवाला

रेवाताई, लहान स्लाइड हलकी असते आणि तिला मागे जायला जागाही कमी. तेवढ्याशा प्रवासात तिला थांबवून पुन्हा पुढे ढकलायचं तर स्प्रिंग कडकच हवी. वर पकडायला लांबीही कमी. म्हणून मोठ्याची स्लाइड सोपी.

बेरेट्टाच्या काही लहान पिस्तुलांत यावर सुंदर तोड आहे. कळ दाबली की नळीचं मागचं टोक वर उघडतं, काडतूस थेट नळीत ठेवायचं आणि नळी मिटायची. स्लाइड ओढायची गरजच नाही. १९५० च्या दशकातल्या ९५० पासून ही कल्पना आहे. अलीकडे स्लाइड मुद्दाम हलकी जाईल अशी .३८० ची मोठ्या अंगाची पिस्तुलंही निघाली आहेत.

नेमबाज मावशी

रेवा, आईंना माझा नमस्कार सांग. स्लाइड बोटांच्या चिमटीनं ओढू नये. पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर. डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडवरून टाकून तो जागच्या जागी घट्ट धरायचा आणि उजव्या हातानं दस्ता पुढे ढकलायचा. ओढण्यापेक्षा ढकलायला खांद्याचा जोर मिळतो. मात्र जोर लावताना माणूस नकळत कडेला वळतो आणि नळी शेजारच्याकडे फिरते. लहान पिस्तुलात हे फार चटकन होतं. उभं राहण्याची दिशाच आधी बदलायची, नळी नाही.

रिव्हॉल्व्हरला स्लाइड नाही हे खरं, पण पाच किलोचा चाप संधिवाताच्या बोटाला किती वेळा ओढवेल ते आधी रिकाम्या हत्यारावर बघा. शिवाय नळी आणि काडतुसांचं फिरतं चक्र यांच्यामधल्या फटीतून गरम वायू बाहेर येतो, तिथे अंगठा ठेवला तर भाजतो. आणि सगळ्या आखूड नळ्यांना लागू असलेली गोष्ट: डाव्या हाताचं बोट नळीच्या तोंडापुढे जाऊ शकतं. मी दर वेळी बोटं मोजून घेते.

पाणबुडी

रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही, हा तरी फायदा आहे ना? चाप ओढा, चक्र फिरतं, एक पेटलं नाही तर पुढचं येतं.

कमानीवाला

"कधीच नाही" हे बरोबर नाही. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक खास दुखणं आहे. धक्क्यानं हत्यार इतक्या वेगानं मागे येतं की चक्रातल्या बाकी काडतुसांची पुंगळी (गोळीमागचं धातूचं कवच) मागे खेचली जाते आणि गोळी जडत्वानं जागीच राहते. दोन-चार फैरींत गोळी पुंगळीतून पुढे सरकते, चक्राबाहेर डोकावते आणि चक्र फिरायचं थांबतं. काडतूस बदलणं हाच यावर उपाय. जळकी दारू चक्राच्या मागच्या, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली साचली तरी चक्र जाम होतं.

पण पाणबुडींच्या म्हणण्यात तथ्यही आहे. लहान पिस्तूल ढिल्या मनगटानं धरलं तर चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही आणि रिकामी पुंगळी अडकते. रिव्हॉल्व्हरला पकडीचं असं बंधन नाही. स्मिथ अँड वेसनचं पाच काडतुसांचं चीफ्स स्पेशल १९५० चं, त्याची वंशावळ अजून सुरू आहे ती याच गुणावर.

सडेतोड

आता हाताळणीवर माझा एक अनुभव लिहितो. तो सांगायला मला वर्षं लागली.

थंडीत जाड जॅकेट घालून सराव चालला होता. पिस्तूल परत म्यानात घालताना जॅकेटच्या दोरीचं टोक, ते प्लॅस्टिकचं बोंड, चापाभोवतीच्या कडीत शिरलं. मला कळलंच नाही. हात खाली दाबला, आणि खट् असा आवाज आला. तो सराव रिकाम्या हत्यारांचा होता म्हणून आज दोन्ही पायांवर उभा आहे. घामानं अंग भिजलं होतं.

त्या दिवसापासून पिस्तूल परत ठेवताना मी घाई केलेली नाही. जॅकेट दुसऱ्या हातानं बाजूला, म्यानाकडे डोळ्यांनी बघायचं, मग सावकाश आत. म्यान असं हवं की चापाची कडी पूर्ण झाकेल आणि पिस्तूल काढल्यावर मिटणार नाही. आणि खिशात ठेवायचं तर खिशातल्या म्यानात, त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, पेन नाही. "लहान आहे, टाकलं खिशात" हे मी कुणाच्याही बाबतीत सहन करत नाही.

नेमबाज मावशी

सडेतोड, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचं हे मी माझ्या मुलांना वाचून दाखवणार आहे.

जुनं लोखंड

चापाच्या कडीवरून आठवलं. कोल्टमध्ये फिट्झजेराल्ड नावाचे नामांकित नेमबाज होते. १९२० च्या दशकात ते मोठ्या रिव्हॉल्व्हरची नळी आखूड करत, घोड्याचं शिंग कापत, दस्ता गोल करत, आणि चापाच्या कडीचा पुढचा भाग कापून टाकत, बोट लवकर पोचावं म्हणून. पहिल्या तीन गोष्टी जगानं स्वीकारल्या. १९२७ चं डिटेक्टिव्ह स्पेशल त्याच विचाराच्या आसपासचं. चौथी मात्र काळानं बाजूला टाकली, आणि योग्यच केलं.

रेवा

हत्यार पडलं तर आपोआप उडतं का? आई नेहमी विचारते.

कमानीवाला

जुन्यांमध्ये उडू शकतं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट टोपीवर टेकलेला असायचा. घोड्यावर आपटलं की बार! म्हणून जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवत, सहाच्या जागी पाचच भरत. पुढे घोडा आणि टोचणी (टोपीवर घाव घालणारी सुई) यांच्यामध्ये एक पट्टी आली. चाप पूर्ण मागे असेल तेव्हाच पट्टी वर येऊन घाव पुढे पोचवते. आयव्हर जॉन्सन कंपनीनं याची जाहिरात केली ती हातोड्यानं घोडा ठोका म्हणून. रुगरनं आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच पट्टी आणली.

आजच्या बऱ्याच पिस्तुलांत टोचणीला आडवी कळ असते, चाप ओढल्याशिवाय ती सरकत नाही. १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसननं तर दस्त्याच्या पाठीवर खटका बसवला होता, मूठ आवळल्याशिवाय चालायचंच नाही. लोक त्याला लिंबू पिळायचं यंत्र म्हणत.

पण एक सांगतो, जीव तोडून. हातातून निसटलेलं पिस्तूल हवेत झेलू नका. पडू द्या. आजचं सुस्थितीतलं हत्यार पडून सहसा उडत नाही, झेलताना बोट चापात अडकून मात्र उडतं.

पाणबुडी

माझ्या नात्यातल्या एका घरात भिंतीला भोक आहे. काकांनी आधी स्लाइड मागे ओढली, काडतूस बाहेर पडलं, मग मॅगझिन काढलं. आता रिकामं म्हणून चाप ओढला. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत शिरलं होतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पलीकडच्या खोलीत तेव्हा कुणी नव्हतं.

नेमबाज मावशी

पाणबुडी, हा क्रम म्हणूनच पाठ करून घेतात. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर, *आधी मॅगझिन*, मग स्लाइड मागे आणि तिथेच अडकवून ठेवायची. मग डोळ्यांनी बघायचं, आणि नळीच्या घरात करंगळीचं टोक घालूनही बघायचं. काही लहान पिस्तुलांत स्लाइड मागे अडकवायची सोयच नसते, तिथे दुप्पट काळजी. काहींमध्ये मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही, काहींमध्ये चालतो. त्यामुळे एका हत्याराची सवय दुसऱ्याला लावायची नाही.

अमेरिकी नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर यांनी सोपे करून ठेवलेले चार नियम इथे असायलाच हवेत. प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य कोणतं आणि त्याच्यामागे काय आहे याची खात्री करा. लहान पिस्तुलात दुसरा नियम सगळ्यात लवकर मोडतो, कारण तीन इंचाची नळी मनगटाच्या एका वळणात खोलीभर फिरते.

आणि घरात मुलं असतील तर कुलूपबंद पेटी. उंच कपाट म्हणजे कुलूप नव्हे.

निशाचर

मूळ प्रश्नावर परत येतो. "परत मिळवलेलं" मध्ये मॅगझिन धरा ना! २०१५ चं ग्लॉक ४३ बारीक होतं, पण एका रांगेत सहाच काडतुसं. २०१८ मध्ये सिग पी३६५ आलं, जवळपास तेवढ्याच जाडीत दहा. मॅगझिनमध्ये काडतुसं खाली नागमोडी दोन रांगांत बसतात आणि वर येताना एका रांगेत मिळतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीनं अकरा बसवली.

यंत्रवेडा (धागाकर्ता)

निशाचर, हा मुद्दा फार आवडला. पण बघा, काडतुसांची संख्या परत मिळाली, काडतुसाची ताकद परत मिळाली, वजन परत नाही मिळालं. ते मिळणारही नाही, कारण वजन कमी करणं हाच तर हेतू होता. दशमानांच्या हिशेबातला छेद कुणालाच बदलता येत नाही.

आता अहवाल. मावशींनी लिहिलेलं वाचून काल पुन्हा गेलो. खिशातल्या पिस्तुलाला तळाशी बोटभर लांबीचं मॅगझिन लावलं, करंगळी टेकली. अंतर पाच मीटर केलं. मधले आठ दिवस घरी रिकाम्या हत्यारावर, दुसऱ्या खोलीत काडतुसं ठेवून, माशीवर डोळा ठेवत रोज पन्नास वेळा चाप ओढला होता. गोळ्या आता वहीच्या पानात मावतात.

मग प्रशिक्षकांनी एक गोष्ट केली. मला न सांगता मॅगझिनमध्ये अधूनमधून खोटी, न फुटणारी काडतुसं भरली. तिसऱ्या वेळी चाप ओढला, आवाज नाही, धक्का नाही, आणि पिस्तुलाची नळी माझ्या डोळ्यांसमोर दोन बोटं खाली गेली. धक्का यायच्या आधीच मी त्याला दाबत होतो! इतके दिवस पिस्तुलाचा धक्का नेम बिघडवतो असं समजत होतो. गोळी तर धक्का हाताला कळायच्या आत नळीतून गेलेली असते.

मोठ्या पिस्तुलात हेच केलं तर नळी जेमतेम हलली. म्हणजे ही सवय मला लहान हत्यारानं लावली.

नेमबाज मावशी

लावली नाही, दाखवली म्हणा. थोडी मोठ्यातही असणार, वजनाखाली झाकलेली.

आता लहान पिस्तूल पंधरा दिवस बाजूला ठेवा. .२२ वर परत या, पन्नास फैरी, त्यात दहा खोटी, भरणारा दुसरा कुणीतरी. सलग दहा खोट्यांवर माशी जागची हलली नाही की मग लहान हातात घ्या, आणि एका बैठकीत वीसच फैरी. हात दुखायला लागायच्या आधी थांबायचं. दुखऱ्या हातानं झाडलेली प्रत्येक फैर ती सवय पक्की करते.

रेवा

आईला ही खोट्या काडतुसांची युक्ती वाचून दाखवली. म्हणाली, शनिवारी तूच भर माझं मॅगझिन.